मी सहाच भाज्या टाकल्या होत्या

मला स्वप्नं पडत नाहीत. ही फुशारकी नव्हे. दहा हजार रुपियाचं तिकीट चिकटवून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मी हे लिहून दिलेलं आहे. आमच्या इंडोनेशियातल्या जोग्या शहरात असा कागद नावावर असलेला माणूस बहुधा मी एकटाच असेन. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय होतं, तर सासूबाईंची साखर.

सासूबाईंचं नाव सुमिराह. आम्ही सगळे त्यांना इबू, म्हणजे आई, म्हणतो. वय चौऱ्याहत्तर, उंची बेताची, जिभेला मात्र मोजमाप नाही. अकरा वर्षं त्या आमच्याकडेच असतात. मी एकावन्न वर्षांचा, पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागाचा प्रमुख (विभागात मी एकटाच आहे, पण प्रमुख आहे), तरी त्या मला "ले" म्हणतात, म्हणजे पोरा. माझा असा एकही शर्ट नाही ज्याला त्यांनी नाव ठेवलेलं नाही. सकाळचा चहा त्यांना गरम, घट्ट आणि गोड लागतो. त्यातलं गोड म्हणजे तीन मोठे चमचे, आणि चौथा मी पाठ फिरवल्यावर.

तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी इबूंच्या बोटाला सुई टोचली आणि आकडा सांगितला, दोनशे शेहेचाळीस. तोही उपाशीपोटी. माझ्या बायकोने, वेनिंगने, तो आकडा भाबडेपणाने फोनवर आपल्या थोरल्या बहिणीला सांगून टाकला. ही बहीण, तुतिक, सुरबायाला राहते. मोठं घर, थंड हवेच्या खोल्या, दोन मोलकरणी, आणि प्रत्येक गोष्टीबद्दल पक्कं मत. शनिवारी ती आमच्या दारात उभी.

"चाळीस दिवस," ती म्हणाली. "चाळीस दिवसांनी मी परत येते. आकडा दीडशेच्या खाली नसला तर इबूला मी घेऊन जाते. इथे तिच्याकडे बघायला कोणाला वेळ आहे?"

हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती. वास्तविक बघण्यासारखी तिथे आणखी दोघं होती.

कोणी म्हणेल, सासू आपणहून जातेय, जावयाने आनंदाने बॅग भरून द्यावी. ऑफिसातल्या मित्रांनी तर मला अभिनंदनाचा चहा पाजला. पण मला खरंच ते नको होतं. संध्याकाळी घरी यावं आणि ओसरीवरून "आज पण तोच शर्ट?" असं कोणी विचारू नये, हे मला सहन होईना. दुसऱ्या दिवशी इबूंनी भिंतीवरचा आपल्या दिवंगत नवऱ्याचा, मास्तरांचा, फोटो खाली काढला, पुसला, आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसल्या. मग पुन्हा खिळ्याला लावला. त्या खिळ्याकडे बघूनच मी जाहीर करून टाकलं:

"उद्यापासून स्वयंपाक मी करणार. सगळ्यांना एकच, पौष्टिक आणि परवडणारा."

वेनिंग बालवाडी चालवते, साडेसहाला घराबाहेर पडते. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आणि मग काळजी दिसली. सतरा वर्षांची आमची लारास एवढंच म्हणाली, "आमचा काय गुन्हा आहे?"

पहिल्या आठवड्यात मी बिनपॉलिशचा लाल तांदूळ आणला. इबूंनी एक घास घेतला, ताट दूर केलं आणि आमच्या कोंबडीला हाक मारली. मग मी तेम्पे तळण्याऐवजी वाफवलं. आता तेम्पे म्हणजे आमचा जीव की प्राण. सोयाबीनची ती वडी तेलात पडल्याचा आवाज आला की गल्लीतली माणसं दिशा बदलतात. वाफवलेल्या तेम्पेची चव ओल्या वहीच्या पुठ्ठ्यासारखी लागते, हे मला खाईपर्यंत माहीत नव्हतं. वेनिंग म्हणाली, "छान झालंय हं." हा "हं" ती बालवाडीत, ज्या पोराने हत्ती म्हणून बटाटा काढलाय, त्याच्यासाठी राखून ठेवते. लारासला रोज संध्याकाळी अभ्यासाला मैत्रिणीकडे जावंसं वाटू लागलं. मैत्रिणीची आई कोंबडी तळते.

पण मी मागे हटलो नाही. साखरेचा डबा कुलपात ठेवला. पाच वाजता उठून भाज्या चिरल्या. बोटाला तीन पट्ट्या लागल्या. आणि सोळाव्या दिवशी मोठ्या उमेदीने इबूंना तपासणीला घेऊन गेलो. आकडा आला दोनशे एकोणचाळीस.

"सातने कमी झाला," मी म्हणालो.

"तेवढा तर यंत्रातसुद्धा फरक पडतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाहेरचं काही खातात का?"

मी इबूंकडे पाहिलं. इबू भिंतीवरचं दात घासायचं चित्र बघत होत्या.

घरी येऊन मी मोरीजवळची फळी तपासली. तिथे पाच भांडी धुऊन पालथी घातली होती, आणि त्यातलं एकही आमचं नव्हतं. मग सगळा उलगडा झाला. मी ऑफिसला गेलो की शेजारणी येत. पलीकडच्या बू लेगिनींकडून (बू म्हणजे बाई) गेतुक यायचं, म्हणजे कसावाच्या कंदाचा गोड लगदा. समोरच्या घरातून क्लेपोन, म्हणजे गूळ भरलेले तांदळाच्या पिठाचे गोळे. कोपऱ्यावरून गुळात शिजवलेलं तेम्पे. "इबूंचे फार हाल चाललेत हो, जावई स्वयंपाक करतो," या सहानुभूतीपोटी अख्खी गल्ली त्यांना गोड खाऊ घालत होती.

"नाही म्हणायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"शेजारीण दारात ताटली घेऊन उभी आणि मी नाही म्हणू?" इबू म्हणाल्या. "अकरा वर्षं ज्यांचं खाल्लं, त्यांना आता तोंड फिरवून दाखवू? मास्तरांची बायको आहे मी."

त्यांचं खरं होतं. आमच्याकडे आलेली ताटली नाकारत नाहीत. आणि ती रिकामी परत पाठवत नाहीत. म्हणजे त्या पाच भांड्यांत मला काहीतरी घालून द्यायचं होतं. ते मिळालं की त्यांची भांडी पुन्हा भरून येणार, त्यात पुन्हा गूळ. हे चक्र थांबणार कुठे? चोवीस दिवस उरले होते. मी ओसरीवर बसून सुरबायाच्या गाड्यांचं वेळापत्रक आठवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर भाज्यांच्या जुड्या टांगून भाजीवाला दलिजो आला. याच्याइतक्या बातम्या वर्तमानपत्रातही नसतात.

"पाक हार्गितो, आज सगळं उरलंसुरलं स्वस्तात घ्या," तो म्हणाला. (पाक म्हणजे आपलं राव, आणि हार्गितो म्हणजे मी.) "वांगी, चवळीच्या लांब शेंगा, लाल भोपळा, कोवळा नीरफणस, मेलिंजोच्या फळांच्या साली. वर तेम्पेची एक वडी फुकट."

सहा जिन्नस. मी मनात मोजले, कारण फुकटचं काही असलं की मी मोजतोच. या सगळ्याचा लोदेह होणार होता. नारळाच्या दुधातली ही पातळ भाजी आमच्याकडे कोणालाही जमते, आणि मी तर दूध निम्मंच घालणार होतो. सगळ्यात मोठं पातेलं चढवलं, म्हणजे घरच्यांनाही होईल आणि पाच भांडीही भरतील. शिजवून झाल्यावर चव घेतली आणि मी चकित झालो. ती खाण्यासारखी होती.

तेवढ्यात इबू आल्या. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं, डाव फिरवला, ओठ हलवत काहीतरी पुटपुटल्या.

"तू आंघोळीला जा, ले," त्या म्हणाल्या. "ऑफिसला उशीर होईल. भांडी मी भरते."

अकरा वर्षांत त्यांनी माझ्या ऑफिसची काळजी केल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी भारावून आंघोळीला गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर बू लेगिनी ओसरीवर उभ्या. या बाई एरवी मला खांबासारखं ओलांडून जातात. आज हात जोडून वाकल्या.

"पाक, कधी कळलं तुम्हाला?"

"काय कधी कळलं?"

"अहो, सात भाज्यांचा लोदेह तुम्ही दारोदार पाठवता, आणि आम्हाला कळणार नाही? आमच्या आजीने साथीच्या वर्षी असाच केला होता. अरिष्ट येणार असल्याशिवाय कोणी सातचा लोदेह वाटत नाही."

आता मलाही ते आठवलं. वांगी, शेंगा, भोपळा, नीरफणस, साली, तेम्पे आणि मेलिंजोचा पाला. या सात जिन्नसांचा लोदेह म्हणजे संकट उंबरठ्याबाहेर ठेवायचा जुना उपाय. पण मी पाला टाकलाच नव्हता.

"सहाच होत्या," मी म्हणालो.

"सात होत्या. मी स्वतः मोजल्या."

"बू, मी चिरल्या आहेत. मी सहाच भाज्या टाकल्या होत्या!"

बू लेगिनींच्या अंगावर सरकन काटा आला. तो मला दिसला. "सहा टाकल्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि सात निघाल्या."

माणसाने कुठे गप्प बसावं याला काही शास्त्र हवं. मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट आमच्या पाच घरांत मिटली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या गल्लीत नारळाच्या दुधाचा वास सुटला होता. दर घरात लोदेह. दलिजोकडची वांगी सातच्या आत संपली आणि तो मला बघून उतरून नमस्कार करायला लागला. कोणी म्हणे ज्वालामुखीचा डोंगर पेटणार, कोणी म्हणे ताप येणार. संकट काय ते ठरलं नव्हतं, पण खबरदारी घ्यायला कोणाचं काय जातंय? सातचा लोदेह करायचा तर रोज करायचा, आणि तो करत असताना घरात दुसरं गोडधोड करायचं नाही, असंही कोणीतरी सांगितलं. कोणी ते मात्र कळेना.

तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आलं की हार्गितो पाणी खात्यात आहे. झालं! माझ्या टेबलावरचा फोन खणखणू लागला. लोक तक्रार विभागाला विचारू लागले, की पाण्यात काय निघालंय, आणि उकळून चालेल का? तक्रार विभागात मीच. म्हणजे माझ्याबद्दलच्या अफवेची चौकशी मीच नोंदवून घेत होतो आणि खाली सही करत होतो.

साहेबांनी बोलावलं. "हार्गितो, तुम्ही भविष्य सांगता?"

"नाही साहेब, मी भाजी करतो."

"मग तसं लिहून आणा. अधिकृत."

मी आमच्या गल्लीप्रमुखाकडे, पाक त्रियोनोंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून वही काढली. "अर्ज कशाचा म्हणता? स्वप्न न पडल्याचा? स्वप्न पडल्याचा असता तर सोपं होतं. घटना आहे, तारीख आहे. न पडल्याची तारीख काय घालू?"

ते मला वॉर्ड ऑफिसात घेऊन गेले. तिथल्या बाईंच्या छापील अर्जात चार चौकोन होते: धार्मिक, सांस्कृतिक, आपत्ती, इतर. बाईंनी बराच विचार करून "इतर"वर खूण केली आणि पुढे "लोदेह" लिहिलं. तिकीट हवं होतं, ते आणलं. दोन साक्षीदार हवे होते. पाक त्रियोनो एक झाले. दुसरी सही बायकोची चालेल असं म्हणाल्या, म्हणून मी कागद घरी नेला.

"मी नाही सही करणार," वेनिंग म्हणाली. "तू झोपेत बडबडतोस. परवा 'आवळून घ्या, आवळून घ्या' म्हणून ओरडत होतास."

"ते नळाबद्दल असेल."

"मग ते स्वप्नच झालं ना?"

शेवटी मीच दिवसभर केविलवाणा चेहरा करून हिंडलो, तेव्हा तिने सही केली. कागदावर लिहिलं होतं: "मी, खाली सही करणारा हार्गितो, लिहून देतो की मला कोणत्याही येऊ घातलेल्या संकटाचा दृष्टान्त, संकेत अथवा स्वप्न झालेलं नसून, मी केवळ कुटुंबाच्या आरोग्यासाठी स्वयंपाक केला." हा कागद साहेबांना दिला. एक प्रत गल्लीच्या फळ्यावर लावली.

गल्लीने तो वाचला आणि तिचा विश्वास दुप्पट झाला. "बघा, खात्याने तोंड बंद केलं त्यांचं," समोरचा शिंपी म्हणाला. आणि मला बाजूला घेऊन त्याने लॉटरीचा आकडा विचारला.

रविवारच्या सभेत मी उभा राहून सगळं उलगडून सांगायचं ठरवलं. सदरा घालत असताना इबू दारात आल्या.

"नको सांगूस, ले."

"इबू, माझी लाज निघालीय. पोरं मला बघून पायाशी वाकतात."

"वाकू देत की. चाळीस दिवस पुरे होईपर्यंत गप्प बस. माझ्यासाठी."

मला वाटलं, म्हातारीचाही विश्वास बसलाय. घाबरलीय बिचारी. मी सदरा काढून ठेवला. स्वाभिमानाला पीळ पडला, पण सभेला गेलो नाही. मी आलो नाही म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं येतंय, असा सभेने एकमताने निष्कर्ष काढला.

असे बावीस दिवस गेले. घरात लोदेह, शेजारी लोदेह, कोपऱ्यावर लोदेह. शेजारणींची भांडी अजून येत, पण त्यांतही लोदेहच, आणि तो आमच्या लोदेहपेक्षा चांगला असे. लारासची मैत्रीणही लोदेहच खात होती, त्यामुळे लारासचा अभ्यास घरीच होऊ लागला. एकदा ती पातेलं पुसून खाताना मला दिसली. मी बघितलंय हे तिने बघितलं, आणि आम्ही दोघांनीही त्यावर काही बोलायचं टाळलं. लोदेहच्या चौदाव्या दिवशी वेनिंगने "छान झालंय" म्हटलं आणि पुढे "हं" लावला नाही.

संकट काही आलं नाही. डोंगर होता तिथेच होता. चाळिसाव्या दिवशी आली ती तुतिक. येताना मोठी रिकामी बॅग घेऊन आली होती, ती तिने मुद्दाम ओसरीच्या मध्यभागी ठेवली.

आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, यंत्राकडे बघितलं, यंत्र हलवलं, पुन्हा टोचली.

"एकशे बत्तीस," त्या म्हणाल्या. "इबूंना काय खायला घातलंत?"

"लोदेह," मी म्हणालो.

"एकशे बत्तीस?" तुतिकने यंत्र हातात घेऊन बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. या खेपेला बघण्यासारखा तिथे मी एकटाच होतो. "बरं," ती म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेला हा सर्वात मोठा सत्कार.

ती आणि वेनिंग औषधं घ्यायला थांबल्या. मी इबूंना सायकलरिक्षात बसवलं आणि शेजारी बसलो. मला फार आनंद झाला होता. म्हणून मी म्हणालो, "संकट टळलं बरं का, इबू. आता तुम्हीही घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?" इबू म्हणाल्या. "कसलं संकट?"

"अहो, सात भाज्या..."

"विहिरीजवळच्या मेलिंजोचा मूठभर पाला मी टाकला होता. तू आंघोळीला गेलास तेव्हा."

त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"आणि लोदेह असताना गोड करू नये, हे?"

"तेही मीच सांगितलं लेगिनीला. तू कुलूप आपल्या डब्याला लावलंस, ले. साखर गल्लीतून येत होती. शेजारणीला मी नाही म्हणू शकत नाही. मग तिच्याच चुलीवर दुसरं काही चढलं पाहिजे ना?"

"आणि माझी जी सगळीकडे शोभा झाली? तो कागद? ऑफिस?"

"झाली खरी," इबू म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या शर्टाच्या कॉलरचा दोरा ओढून तोडला. "पण तुतिककडे दोन मोलकरणी आहेत. दोघी छान स्वयंपाक करतात. मला पहाटे उठून, बोटं कापून, इतकं वाईट जेवण कोण करून घालणार होतं तिथे?"

पुढचा रस्ता मला नीट दिसला नाही. धूळ फार होती, असं मी इबूंना सांगितलं.

गल्लीच्या तोंडाशी बू लेगिनी उभ्या होत्या. काळजीने त्यांनी विचारलं, "पाक, झाले का दिवस पुरे? आता थांबवायचं का?"

मी इबूंकडे बघितलं. इबूंनी मान अगदी थोडी, डावीकडून उजवीकडे हलवली.

"अजून थोडे दिवस, बू," मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो. "मला काल स्वप्न पडलं."